चौथा चौकोन

रविवार, १२ एप्रिल २००९. सकाळी हवा कोरडी, दुपारी उन्हाचा चटका. चार वाजता रायरेश्वराच्या अंगाला ढग आले आणि काही न करता निघून गेले. नूतनच्या लग्नपत्रिकेचा मजकूर आज कायम केला. जागेअभावी एक ओळ काढली.

त्या दिवशीच्या डायरीत एवढंच लिहिलं आहे. (हवेची नोंद मी रोज करतो. ती आजवर कुणी मागितलेली नाही.) ‘एक ओळ काढली’ हे लिहिताना मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. ती ओळ पत्त्याची होती.

मी दूध संकलन केंद्रावर लेखनिक आहे. दुधातली फॅट मोजून मोजून माझा स्वभावही तसाच झाला आहे, असं आमच्या सौभाग्यवती रतन म्हणतात. चांगल्या अर्थाने म्हणत नाहीत. घरात खिळा ठोकायचा असला तरी मी आधी पट्टी घेतो, मग पेन्सिलीने खूण करतो, आणि तेवढ्यात रतन दुसरीकडे खिळा ठोकून कॅलेंडर अडकवून मोकळी होते.

तर नूतनचं लग्न ठरलं भोंगवलीच्या संग्रामरावांशी. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. व्याही ज्ञानूअण्णा म्हणजे मोठा शेतकरी, बोलणं थोडं आणि शब्द पक्का. त्यांचं म्हणणं, लग्न भोंगवलीला आमच्या दारात करू. पण भोंगवली महामार्गाच्या पलीकडे आणि आमची वाडी भोरच्याही वर. म्हणून मी कापूरहोळच्या अलीकडचं एक नवं कार्यालय सुचवलं. दोन्हीकडच्यांना मध्य पडतो, हे मी त्यांना वहीच्या पानावर रेघा मारून पटवलं. अण्णांनी तो नकाशा उलटा धरून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, “पाव्हणं, तुमी म्हणताय तर होऊ द्या तिथं. पण नव्या जागी माणसं चुकत्यात. दोन्हीकडचं एक बी माणूस वाट चुकून उपाशी राहिलं, तर मी ताटावर बसनार न्हाई.”

नवऱ्या मुलाचा बाप मांडवातून न जेवता उठून गेला, तर मुलीच्या बापाने पुढची दहा वर्षं गावात मान खाली घालून चालायचं असतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “अण्णा, रस्त्याची काळजी माझ्यावर सोडा.”

रतनने तेव्हाच माझ्याकडे पाहिलं होतं.

पत्रिका दोन्हीकडची मिळून एकच छापायची, हा काटकसरीचा सल्लाही माझाच. त्यामुळे दोन भावक्यांची नावं एका कागदावर आली. निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, आजोळची मंडळी, आणि सगळ्यात खाली, ताईच्या लग्नाला यायला सांगणारी लहान मुलं. भोरला हनीफभाईंच्या छापखान्यात आम्ही समोरासमोर बसून अक्षरं बारीक करत गेलो. शेवटी हनीफभाई म्हणाले, “दादा, आता ह्याहून बारीक केलं तर पत्रिकेसंगं भिंग द्यावं लागंल.”

तरीही एक ओळ जास्त होत होती. काढता येण्याजोग्या दोनच उरल्या होत्या. एक होती चिमाजीआप्पांच्या दोन नातवांची, दुसरी कार्यालयाच्या पत्त्याची. चिमाजीआप्पा हे माझे चुलत चुलते, राहायला वेल्ह्याच्या वर. भावकीतल्या कुठल्याशा पत्रिकेत त्यांचं नाव त्यांच्या धाकट्या भावाच्या खाली आलं होतं, तेव्हा ते लग्नाला आले, जेवले, आणि नंतर त्या घराशी बोलायचे बंद झाले.

“नातवांची ओळ काढा,” हनीफभाई म्हणाले. “पत्ता तर पायजेच की.”

“हनीफभाई,” मी म्हणालो, “आप्पा रुसतात. पत्ता रुसत नाही.”

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

त्यावर तोडगा सुचला तो संग्रामरावांमुळे. मागे एकदा घरी आले असताना त्यांनी आपल्या जाडजूड मोबाईलमध्ये एक गंमत दाखवली होती. कागदावर एक काळा-पांढरा चौकोन, मुंग्यांची वारुळं फुटल्यासारखा दिसणारा. त्यावर मोबाईलचा कॅमेरा धरला की आत लपवलेला मजकूर पडद्यावर येतो. क्यूआर कोड म्हणतात त्याला. आमच्या मातोश्री ठकुबाई यांनी तो चौकोन बघून विचारलं होतं, “वाळवी लागली काय रं कागदाला?”

मी छापखान्यातूनच संग्रामरावांना फोन लावला आणि पत्ता चौकोनात बसवता येईल का विचारलं. म्हणाले, “येईल की मामा. पण शेजारी साधा पत्ता पण छापा. हे अजून सगळ्यांच्या मोबाईलमध्ये न्हाई. पुढं येईल.” ‘पुढं येईल’ हे मी नीट ऐकलं. लग्नाला अजून महिना होता. तेवढं पुढं पुरेसं आहे, असं मी धरलं.

त्या रात्री मी बसून कार्यालयाकडे जायचा मार्ग लिहून काढला. पुण्याकडून येणाऱ्यांनी कुठे उतरावं, साताऱ्याकडून येणाऱ्यांनी कुठे, एसटी कुठे थांबते, कुठे हात केला तरच थांबते, कोणत्या ढाब्याच्या मागून जवळची वाट आहे, आणि त्या वाटेने का जाऊ नये. फुलस्केपचे दोन कागद भरले. ते मी भोंगवलीच्या टेम्पोवाल्याबरोबर संग्रामरावांना पाठवले. आठवड्याने चौकोन कागदावर छापून आला. संग्रामरावांनी फोनवर सांगितलं, “मामा, मजकूर लई होता, जरा आवरता घेतलाय. आता चौकोनाला हात लावू नका. भोवती कोरी जागा सोडा, काळा-पांढराच ठेवा, आणि छापल्यावर एक पत्रिका आधी मला दाखवा.”

मी म्हणालो, “संग्रामराव, निर्धास्त राहा.”

मी तो चौकोन टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि पाहिलं. पाहताक्षणी चूक सापडली. चौकोनाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक ठळक छोटा चौकोन होता, चौकोनात चौकोन असा, छान रेखलेला. खाली डावीकडेही होता. खाली उजवीकडे मात्र नुसती मुंग्यांची गर्दी.

तीन कोपऱ्यांना आहे आणि चौथ्याला नाही. कंपनीत कामाची घाई असते, राहून गेलं असणार. उगाच पोराला फोन करून लाजवायचं कशाला? मी पट्टी घेतली, काळ्या शाईचं पेन घेतलं, आणि तिसऱ्या चौकोनाची मापं घेऊन चौथा चौकोन काढला. इतका तंतोतंत, की नंतर मलाच ओळखू येईना यातला माझा कोणता.

नूतन पाणी घेऊन आली होती. म्हणाली, “बाबा, त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय ना?”

“हात लावला नाही,” मी म्हणालो. “पट्टी लावली.”

छापखान्यात दुसरा प्रश्न आला. हनीफभाईंनी तो कागद पाहिला आणि मान हलवली. लग्नाच्या पत्रिकेवर एवढा काळा ठोकळा छापायचा? “दादा, मी इतकी वर्षं तुमच्या लोकांच्या पत्रिका छापतोय. काळ्या शाईची पत्रिका दहाव्याची असती, हे मला ठावं हाय. तुमाला कुणी सांगायला पायजे का?”

मला पटलं. चौकोन कुंकवाच्या रंगात, पिवळसर कार्डावर छापायचं ठरलं. भोवती कोरी जागा सोडली तर ती ओकीबोकी दिसणार नाही का? म्हणून हनीफभाईंनी चौकोनाला चिकटून आंब्याच्या पानांची वेलबुट्टी घातली. वर ओळ टाकली: ‘विवाहस्थळ: खालील चौकोनात पाहावे.’ आप्पांचे नातू त्याच्या खाली आले, रणजित आणि अभय, दोघंही ठळक. पत्रिका अशी देखणी झाली की हनीफभाईंनी एक आपल्या काचेखाली लावून ठेवली. एक आधी संग्रामरावांना दाखवायची होती, ते मात्र त्या देखणेपणात राहून गेलं.

गठ्ठे घरी आले, तेव्हा अंगणात बायका हळदीकुंकवाच्या वाट्या घेऊन बसल्या. कोरी पत्रिका कुणाच्या हातात द्यायची नसते, आधी तिला हळदीकुंकू लावायचं असतं. एरवी ते कार्डाच्या कोपऱ्यांना लागतं. पण मातोश्रींनी पत्रिका हातात घेतली, चौकोनावरून अंगठा फिरवला आणि भरल्या समाधानाने म्हणाल्या, “मानसिंग, जलमात पयल्यांदा शहाण्यावानी काम केलंस बघ. कुंकवाला चार घरं आखून दिलीस.”

मी शेजारीच दूध केंद्राच्या पावत्या जुळवत होतो. कौतुक आमच्या घरात माझ्या वाट्याला क्वचित येतं. मी खाली मान घालून ते ऐकून घेतलं आणि पावत्या जुळवत राहिलो. पुढच्या तासाभरात वाटायच्या सगळ्या पत्रिकांच्या चौकोनांत चारी कोपऱ्यांना ओली हळद आणि वर कुंकू असं शिस्तीत बसलं. मी काढलेल्या चौथ्या घरातही बसलं. खरं तर तिथलं जरा जास्तच उठून दिसत होतं.

पत्रिका वाटल्या. काही हाताने दिल्या, काही एसटीच्या ड्रायव्हरबरोबर धाडल्या. चिमाजीआप्पांना मी स्वतः वेल्ह्याला जाऊन दिली असती, पण पंपावर संप असल्यासारखी रांग होती आणि स्कूटरमध्ये पेट्रोल नव्हतं, म्हणून त्यांच्या शेजाऱ्याबरोबर पाठवली. आप्पांच्या घरी फोन नाही. एक गठ्ठा भोंगवलीला गेला. अण्णांनी तो दुसऱ्याच दिवशी सोयऱ्यांत वाटून टाकला.

मग माझा मोबाईल वाजायला लागला.

पहिला फोन रतनच्या भावाचा, गेनूचा, शिवऱ्याहून. “दाजी, पत्रिका पोचली. लई झकास हाय. पर लगीन कुठं हाय?”

“चौकोनात बघ.”

“बगितलं. कुंकू हाय.”

“कुंकवाच्या खाली बघ.”

“कुंकू पुसू म्हनता? लग्नाच्या पत्रिकेवरचं?” मागून त्याच्या बायकोचा आवाज आला की दाजींची तब्येत बरी आहे का विचारा.

मी त्याला मार्ग सांगितला. पूर्ण सांगितला, दोन फुलस्केप तोंडपाठ होते. तो फोन ठेवतोय तोवर दुसरा आला. दोन दिवसांनी केंद्रावर गवळी लोक कॅन खाली ठेवून उभे राहायचे आणि मी एका हाताने नमुना घेत दुसऱ्या हाताने साताऱ्याकडून येणाऱ्यांनी कुठे उतरावं ते सांगत असायचो. एका म्हशीच्या दुधाची फॅट मी त्या गडबडीत अशी लिहिली की मालकाने म्हशीला हार घातला म्हणे.

पुढच्या रविवारी अण्णांचं बोलावणं आलं. आम्ही दोघं भोंगवलीला गेलो. ओसरीवर अण्णा, आणि शेजारी संग्रामराव, हातात मोबाईल. समोर सतरंजीवर सोयऱ्यांनी परत आणलेल्या पत्रिकाच पत्रिका. संग्रामराव एकेकीवर मोबाईल धरत होते, जवळ नेत होते, लांब नेत होते. मोबाईल काही केल्या बोलत नव्हता. चहा आला. कुणी कप उचलेना.

संग्रामरावांनी एका पत्रिकेवरचं कुंकू रुमालाने हलकेच झाडलं, चौकोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिला. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, “मामा, हा चौथा चौकोन कुठनं आला?”

“एक राहिला होता,” मी म्हणालो. “मी घातला.”

संग्रामरावांनी मोबाईल खिशात ठेवला. ते म्हणाले की तीनच असतात, मामा. वरची बाजू कुठली ते मोबाईलला त्यावरून कळतं. चार केले की त्याला दिशाच राहत नाही.

अण्णा आतापर्यंत सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता मिटवला. “म्हंजे मोबाईलच वाट चुकला म्हना की,” ते म्हणाले. “आता माणसांचं काय ते बघा. माझा शब्द मी बदलत न्हाई.”

परतीच्या एसटीत रतन खिडकीकडे तोंड करून बसली होती. फाटा आल्यावर एवढंच म्हणाली की पोरीच्या सासऱ्याला पहिल्याच दिवशी उपाशी पाठवलंत, तर तुमची ती हवेची वही मी चुलीत घालीन.

नव्या पत्रिका छापायला वेळ नव्हता, आणि छापल्या असत्या तरी पुन्हा कुणाच्या हाती कधी देणार? मग मी एकच केलं. फोन घेत राहिलो आणि करतही राहिलो. सुरुवातीला मार्ग सांगायला फार वेळ जायचा. मग घसा बसला तसा मार्ग आखडत गेला. आधी ढाबा गळाला, मग हात केला तरच थांबणारी एसटी गळाली. शेवटच्या आठवड्यात माझ्या तोंडी एवढंच उरलं होतं: “कापूरहोळ फाटा, भोर रोड, निळ्या टाकीसमोर.” हनीफभाईंनी आहेर घेऊन कुठे यायचं ते विचारायला फोन केला तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, “दादा, हे तर गणपतीच्या खाली एका ओळीत बसलं असतं.”

रविवार, १७ मे. सकाळपासून उकाडा, वारा नाही, दुपारी वळवाचे ढग.

लग्न वेळेवर लागलं. मी अक्षता टाकल्या त्याही कानाला मोबाईल लावून. कार्यालयाच्या दारात गेनूला उभं केलं होतं आणि फाट्यावर त्याच्या मेव्हण्याला. माणसं येत राहिली. पंगतींवर पंगती उठल्या. अण्णा मात्र मांडवाच्या खांबाला टेकून बसून होते आणि दर पंगतीनंतर विचारत होते, “अजून कोन ऱ्हायलंय का?” त्यांच्याकडचे एक वयस्कर मामा तेवढे दिसत नव्हते. साडेतीनला तेही आले. ते वाट चुकले नव्हते, शेजारच्या कार्यालयात दुसऱ्याच्या लग्नात जेवून आले होते. (तिथलं जेवण चांगलं होतं, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं.) उपाशी राहिलेलं कुणी नाही, याची खात्री करून अण्णा उठले. व्याह्यांची पंगत मांडली. चांदीची ताटं, भोवती रांगोळी, उदबत्ती. रतनने पदराने कपाळ टिपलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली.

ताटात भात पडला होता. वरणाची वाट बघत असताना संग्रामरावांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी गठ्ठ्यात उरलेली, कुंकू न लावलेली एक पत्रिका घेतली, विड्याच्या तबकातला चुना बोटावर घेतला आणि माझा चौथा चौकोन आणि भोवतीची वेलबुट्टी त्याने लिंपून टाकली. चुना वाळला. त्यांनी मोबाईल धरला. मोबाईल पीं करून वाजला.

सगळे वाकून बघायला लागले. मीही चष्मा चढवला. माझे दोन फुलस्केप कुठेतरी शेवटी उजेडात येणार होते.

संग्रामरावांनी वाचलं. “लग्नाच्या पत्त्यासाठी मानसिंगमामांना फोन करावा.” आणि त्याखाली माझा नंबर.

“तुमचा मजकूर त्यात मावतच नव्हता, मामा,” ते संकोचून म्हणाले. “म्हटलं, तुमी फोनवर नीट सांगाल.”

तेवढ्यात माझा मोबाईल अनोळखी नंबरावरून वाजला. कुठल्यातरी लहान मुलाचा आवाज होता आणि मागून कुणीतरी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

“मानसिंग, चिमाजीआप्पा बोलतोय. सकाळधरनं दोन्ही नातवंडं घेऊन तुज्या दारात बसलोय. कुलूप हाय. लगीन कुठं हाय रं?”

अण्णांनी भाताकडे नेलेला हात मागे घेतला. “कोन हाय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि पुन्हा खांबाला जाऊन टेकले.

मी आप्पांना म्हणालो, “कापूरहोळ फाटा, भोर रोड, निळ्या टाकीसमोर.” गेनू टेम्पो घेऊन त्यांना आणायला गेला.

आप्पा पाच वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. अण्णा, आप्पा, दोन्ही नातू आणि मी एका ओळीत जेवायला बसलो. अण्णा पोटभर जेवले. बुंदी संपली होती. जेवण झाल्यावर आप्पांनी पत्रिका मागून घेतली, पूर्ण वाचली, आणि थोरला अभय असून धाकट्या रणजितचं नाव त्याच्या आधी छापलं असल्याचं दाखवलं. आप्पा सध्या आमच्या घराशी बोलत नाहीत.